कोठडीतलं घड्याळ

कॅलेच्या बंदरावर ओदील देलप्लांक येतेय हे आधी बादलीच्या खडखडाटावरून कळे, मग तिच्या आवाजावरून. लेसचा कारखाना बंद पडला तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. काय दिवस होते ते! यंत्रांच्या गडगडाटात बायका नुसत्या ओठांवरून गप्पा ओळखायच्या, आणि ओदील जाळीतला एक सुटलेला धागा लांबूनच हेरायची. पुढची अकरा वर्षं ती बंदरातल्या इंग्रजी तपासणी नाक्यावर फरशी पुसत होती. जमीन फ्रान्सची, नियम इंग्लंडचे आणि पहारेकरी एका खाजगी कंपनीचे. ट्रकमध्ये लपलेली माणसं सापडली की त्यांना या कंपनीच्या कोठडीत बसवत.

मार्चमधल्या एका मंगळवारी तिथे मुदस्सिर नावाचा सुदानी शिंपी बसला होता. चाळिशीचा माणूस. त्यानं पाणी मागितलं. पुन्हा मागितलं, तेव्हा पहारेकऱ्यानं त्याचा उजवा हात असा पिरगाळला की मनगट मोडलं. ओदील कचऱ्याची पिशवी घेऊन दारातच होती.

मुदस्सिरनं तक्रार केली. अशा तक्रारी कंपनीनंच परस्पर गुंडाळू नयेत म्हणून लंडनला एक स्वतंत्र कार्यालय आहे. तिथल्या हॉवर्थबाईंनी फोनवर, दुभाष्यामार्फत साक्ष घेतली. ओदीलनं ठासून सांगितलं, "तीन वाजून पाच मिनिटं."

तीन आठवड्यांनी ओदीलला लंडनच्या कार्यालयाचं पत्र आलं. त्या वेळच्या चित्रीकरणात कोठडीत कैदी नाही, सफाईवाली बाई एकटी फरशी पुसते आहे. पुरावा नसल्यामुळे शुक्रवारी तक्रार बंद होईल. कंपनी जुनं चित्रीकरणही त्याच दिवशी पुसून टाकणार होती.

"डोळे तपासून घ्या, मादाम," कंपनीचा मुकादम प्रेंटिस मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला. "लेसनं खाल्लेले दिसतात."

"तुमच्या पहारेकऱ्याला कोणी खाल्लं, ते बघा आधी!"

संध्याकाळी ती निवाऱ्यावर मुदस्सिरला भेटली. त्याचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. "मादाम, सुई हातात धरता येत नाही, तेही सोसेन. पण कागदावर खोटारडा ठरायचं?"

गुरुवारी सकाळी कॉफी पिताना ओदील ते पत्र पुन्हा वाचत होती, एकेका ओळीखाली बोट ठेवून. तिच्यासोबत सफाई करणारी गिलेन वैतागली. "सोड गं! दोन वर्षांत पेन्शन मिळेल. कशाला नोकरीवर धोंडा पाडून घेतेस?"

"गिलेन, मी ती कोठडी कधी पुसते?"

"चारची बोट सुटली की. अकरा वर्षं. उद्या बंदर बुडालं तरी तू चारनंतरच पुसशील."

"मग तीन-पाचला मी पुसत कशी होते?"

दोघी धावतच कोठडीच्या दाराशी गेल्या. भिंतीवरचं घड्याळ एक तास मागे होतं. कंपनीची सगळी घड्याळं लंडनच्या वेळेवर चालत, कॅमेरेसुद्धा. ओदील मात्र बंदराच्या, म्हणजे फ्रान्सच्या वेळेवर जगत होती. इतकी वर्षं इथे काम करणारं कुणीच दारातून आत येताना त्या एका तासाचा विचार करत नसे.

"अगं बाई! आपण सगळेच गाढव!" गिलेन म्हणाली.

ओदीलनं लगेच लंडनला फोन लावला. हॉवर्थबाईंनी त्याच क्षणी कंपनीला चित्रीकरण राखून ठेवायला बजावलं, आणि शुक्रवारी सकाळच्या बोटीनं दुभाष्यासह स्वतः हजर झाल्या.

"सफाईवाल्यांना इथे बसता येत नाही," चित्रीकरण बघायच्या खोलीत प्रेंटिस ओदीलला म्हणाला.

"मग उभी राहते."

"त्या माझ्या साक्षीदार आहेत," हॉवर्थबाई म्हणाल्या. "खुर्ची आणा. आणि दोन वाजून पाच मिनिटांचं लावा."

पडद्यावर मुदस्सिर दिसला. त्यानं रिकामा पेला पुढे केला. मग पहारेकरी उठला. दारात ओदील, हातात काळी पिशवी. पुढचं सगळ्यांनी पाहिलं. प्रेंटिसची नजर जमिनीवरून उठेना.

हॉवर्थबाईंनी प्रत काढून लखोट्यात मोहोरबंद केली. "तक्रार चालू राहील," त्या म्हणाल्या. "मात्र नोकरी इथेच आहे तुमची, तेव्हा हवं तर जबाबातलं नाव झाकते."

ओदीलनं प्रेंटिसकडे पाहिलं. "झाकलंत तर उद्या म्हणतील, अशी बाई इथे नव्हतीच. पूर्ण नाव लिहा."

आणि सही कुठे करायची ते तिनं दुभाष्याला विचारलं.