दोरीपलीकडच्या देसाईकाकू

देसाईकाकू कुणाच्याही घरी गेल्या की हॉलमध्ये थांबत नसत, थेट ओट्यापाशी जात. आखातातल्या फरवानियात आम्ही त्यांच्या समोर राहायला आलो, त्या दिवशीही खोकी ओलांडून त्या माझ्या गॅसपाशी पोचल्या आणि कढईत झारा घालत म्हणाल्या, "ओळख नंतर होईल गं, आधी लसूण करपतोय." मला रागच आला होता. पुढे मात्र त्या आल्या नाहीत की चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

काकांची नोकरी संपत आली, म्हणजे इकामा, इथे राहायचा परवानाही संपणार. गुहागरचं घर कधीच विकलेलं. मुलगा मिलिंद कॅनडाला या म्हणत होता आणि काकूंची झोप उडाली होती. "तिकडे म्हणे विचारल्याशिवाय शेजाऱ्याची बेलसुद्धा वाजवायची नाही. मग मी करू काय? खिडकीत बसून बर्फ मोजू?" शेवटी महिनाभर राहून बघू, म्हणून त्या गेल्या. तिथे त्या खंगणार, अशी माझी खात्री होती.

परतल्या त्या हसतच. मिलिंदने त्यांना एक उघड्यावरचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. स्कॉटलंडहून बोटीने येऊन तिथे वसलेल्या गेलिक लोकांचं जुनं गावच उभं केलंय. त्या काळच्या पोशाखात माणसं तशीच कामं करून दाखवतात. एका घरात चुलीवर लापशी रटरटत होती आणि घरची बाई दारात पाहुण्यांना माहिती सांगण्यात दंग. काकू दारात आडवी बांधलेली दोरी ओलांडून आत!

"मिलिंद ओरडतोय, आई, ते खरं घर नाहीये! अरे, लापशी तर खरी होती ना? खाली लागत होती!"

ती बाई रागावली नाही. उलट हाताला धरून त्यांना पलीकडच्या खोलीत घेऊन गेली. तिथे बायका लांब टेबलाभोवती बसून ओलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून आपटत गात होत्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलून धरायची. काकूंची पाळी आली तेव्हा त्यांनी गणपतीतल्या फुगडीचं गाणं सुरू केलं आणि सगळ्या टेबलाने ते उचललं. "शब्द कुणाला कळले? मला तरी त्यांचे कुठे कळत होते!" निघताना बायकांनी दर गुरुवारी यायला बजावलं.

"जाते गं मी तिकडेच राहायला," काकू म्हणाल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना मिठीच मारली.

विमानतळावर रडले ती मी. काकूंनी पदराने माझे डोळे पुसले, पण लक्ष सगळं घड्याळाकडे. "सोड आता," त्या म्हणाल्या, "विमान चुकलं तर गुरुवार बुडेल माझा."