महादू पाडेल्याचं पहिलं मत

खारवाडीत महादूवर कोणाचाही राग नव्हता, आणि ही काही सोपी गोष्ट नाही. जिथे कुंपण वीतभर सरकलं म्हणून सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तिथे सगळ्यांशी गोड राहायला माणूस एक तर मुका हवा, नाहीतर पाडेली. महादू पाडेली होता. वाडीतले नारळ तोच पाडायचा. ज्याच्या माडावर चढायचं त्याच्याशी वाकडं घेऊन चालत नाही, हे चाळीस वर्षांत त्याच्या अंगात मुरलं होतं. म्हणून प्रत्येक मतदानाच्या दिवशी तो न चुकता सासुरवाडीला, नांदगावला जायचा. सासरे होते तोवर ठीक होतं. ते वारले, घराला कुलूप लागलं, तरी हा आपला जायचाच.

"त्या बंद घरात करतंस काय?" बायको, यशोदा, विचारायची.

"पायरीर बसतंय," म्हणायचा आणि गाडी पकडायचा.

यंदा मात्र पायरीवर बसायची सोय राहिली नाही. ओरोसच्या जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेल्या गुरुप्रसादभाऊंना फार दिवसांपासून एकच खंत होती. वाडीत निम्मेच लोक मत देतात. बाकीचे आंब्याच्या बागेत नाहीतर अंथरुणात. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तशी त्यांनी सभा बोलावली आणि ठराव मांडला की या वाडीत मतदान सक्तीचं. आता कायद्यातच सक्ती नाही, तर वाडी शिक्षा कसली करणार? पण भाऊंनी कचेरीत उगाच केस पांढरे केले नव्हते. जो मत देणार नाही, त्याचं नाव जत्रेच्या गाऱ्हाण्यात घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

गाऱ्हाणं म्हणजे वाडीने देवापुढे तोंडी केलेला अर्ज. एक जण घरोघरची नावं घेऊन मागणं मागतो आणि बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यात नाव नाही म्हणजे देवाच्या लेखी माणूसच नाही.

महादू सभेत कधी बोलत नसे, पण त्या दिवशी उभा राहिला. "भाऊ, पन्नास फुटार मी देवाच्याच भरवशार आसतंय. गाऱ्हाण्यात नाव नाय, तर थंय माका सांभाळतलो कोण?"

"मग मत दे."

"मत कोणाक देऊ?"

"ते मी कसं सांगू? मतदान गुप्त असतं."

गुप्त म्हणे. ज्या वाडीत कोणाकडे कसलं कालवण शिजलं ते शेजारी वासावरून सांगतात, तिथे मतदान गुप्त. निवडणुकीला उभ्या होत्या दोघी सख्ख्या जावा, सुभद्रा आणि जानकी. एकूण मतं एकशे पंचेचाळीस. दोन्हीकडच्यांनी चहा पिता पिता हिशेब केला तो सारखाच निघाला. बहात्तर हिची, बहात्तर तिची आणि मध्ये महादू. म्हणजे निकाल लागला की महादूचं मत उघडं. जानकीवयनी काजूगर घेऊन घरी आली. सुभद्रावयनी आली ती मोकळ्या हातांनी, आणि "तुझा तू बघ" एवढंच बोलून गेली. महादूच्या मनात नाव नव्हतं असं नाही. पण ते त्याने यशोदेलाही सांगितलं नव्हतं.

मतदानाला वाडी अशी लोटली की विचारू नका. मुंबईचे चाकरमानी आले. एक जण पायाला प्लास्टर घेऊन आला. नव्वदीच्या काशीबाईंना खुर्चीत घालून आणलं. बोटाला शाई लागली तशा त्या विचारू लागल्या, "लगीन कोणाचा रे?"

महादू आत गेला. बोट एका चिन्हाकडे गेलंही, पण तेवढ्यात त्याला दुसऱ्या जावेचा चेहरा दिसला. बोट खाली घसरत घसरत शेवटच्या बटणावर आलं. 'वरीलपैकी कोणीही नाही.' आपल्यासारख्यासाठीच सरकारने हे ठेवलंय, असं वाटून त्याला भरून आलं. त्याने दाबलं. मत दिलं, नाव राहिलं, आणि दुखावलं कोणीच नाही.

मालवणला मतमोजणी झाली. सुभद्रा बहात्तर, जानकी बहात्तर, कोणीही नाही एक. सगळी खोली वळून महादूकडे बघायला लागली.

निवडणूक अधिकारी नम्रता मॅडम लांबून, नागपूरकडून बदली होऊन आलेल्या. त्यांनी नियम सांगितला. समसमान मतं पडली तर चिठ्ठी काढायची. दोन चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या. काढणार कोण? हिच्या माणसाला तिची हरकत, तिच्या माणसाला हिची. शेवटी दोघी जावा लग्नानंतर पहिल्यांदा एका सुरात बोलल्या, "ह्या महादूकच काढूंदे."

"ठरावात चिठ्ठी नाय," महादू म्हणाला.

"चिठ्ठी हा मतदानाचाच भाग," भाऊ म्हणाले.

महादू डब्यापुढे गेला. त्याने डोळे मिटून गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या कचेरीत माका डब्यात हात घालूक लावलो आसा."

"व्हय म्हाराजा," सगळी खोली म्हणाली.

"हात माझो, पण चिठ्ठी तुझी."

"व्हय म्हाराजा." आता दारावरचा हवालदारही सामील झाला.

"जी जिकात तिणा माका गोड म्हणू नये, जी हरात तिणा माझ्यार राग धरू नये."

"व्हय म्हाराजा." यात दोघी जावाही होत्या, कारण गाऱ्हाण्यात गप्प बसणं कोणालाच जमत नाही. नम्रता मॅडम खुर्चीतून अर्धवट उठून "हो महाराजा" म्हणून गेल्या.

चिठ्ठी निघाली. जानकी.

दुसऱ्या दिवशी सुभद्रावयनीने नारळ पाडायला बोलावलं. तोंडावर रागाचं नाव नाही. महादू खुशीत वर चढला. दोन घड खाली आले, तशी ती माडापासून लांब उभी राहून म्हणाली, "महादू, एक सांग. सक्ती नसती, मोजणारो कोण नसतो, तर मत कोणाक दिलां असतंस?"

वरून खोटं बोलायला त्याची जीभ धजली नाही. "तुमकाच, वयनी. नळाच्या पाण्यासाठी ओरोसाक खेपा मारलास त्या तुमीच."



"तुझ्या एका मतान ऱ्हवलां रे," ती म्हणाली, आणि नारळ तसेच टाकून आत गेली.

महादूला वरच रडू फुटलं. खाली उतरायचं म्हणजे तिच्या अंगणात उतरायचं, म्हणून तो उन्हं चढेपर्यंत तिथेच बसून राहिला.