भाजीचं टाकायचं पाणी

घरात हे कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या नवऱ्याच्या किडन्या नीट काम करत नाहीत. रक्तात पोटॅशियम वाढू द्यायचं नाही, म्हणून भाज्या उकळून त्यांचं पाणी टाकायचं असं पथ्य आहे. सकाळी मी भाजी उकळून पातेल्यावर चाळणीत निथळत ठेवते आणि ऑफिसला पळते. पुढचं सासूबाई बघतात.

तरी पोटॅशियम वाढलेलंच. काल रिपोर्ट बघून मी नवऱ्याला, बाहेर काहीतरी खातोस म्हणून, वाट्टेल ते बोलले.

आज घरी होते. दुपारी सासूबाई कणीक मळायला बसल्या. परातीत त्यांनी हिरवट पाणी ओतलं.

"आई, हे कसलं पाणी?"

"फरसबीचं. सगळं सत्त्व त्यातच उतरतं गं, टाकवत नाही. त्याच्या पोळ्यांत घालते. केवढा वाळलाय!"

ते पाणी का टाकायचं, ते मी सांगितलं. त्यांचे हात कणकेतच थांबले.

डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासायचंय. छातीत धडधडलं तर लगेच घेऊन या म्हणाले. तेव्हापासून तो पाणी प्यायला उठला तरी मी विचारतेय, "धडधडत नाही ना?" माझंच धडधडतंय.

तुमच्या घरी मोठ्यांना हे कसं समजावलंत, त्यांच्या मनाला न लागता? कारण मघाशी सासूबाई तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन माझ्याकडे आल्या. ते रोज त्या तुळशीला घालतात, कुणाला विचारत नाहीत. आज विचारलं, "हे तुळशीला चालेल ना गं?"