मुलुंड ते बोरिवली, बाटलीमार्गे

निघायची वेळ साडेनऊची ठरली होती. साडेदहाला आम्ही अजून मुलुंडच्या गल्लीतच उभे होतो, कारण मामा गाऱ्हाणं घालत होता. (गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेली विनवणी. आमच्या मालवणी घरांत त्याशिवाय नवी शिडीसुद्धा भिंतीला लागत नाही.) पिकअपच्या बॉनेटवर नारळ, बाजूला उदबत्ती, आणि मामा हात जोडून: "बा देवा म्हाराजा, ही गाडी आठ वर्सां दुसऱ्याकडे ऱ्हवली, आता माझ्याकडे इली हा. हिचो धूर बंद कर आणि आज तो कागद माका गावांदे रे म्हाराजा."

यावर भोवतालच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. मामी म्हणाली, वॉचमन म्हणाला. मी म्हणाले नाही. धूर हा देवाचा नाही, धोरणाचा विषय आहे, असं माझं मत होतं आणि मी ते तिथेच ऐकवलं.

कागद म्हणजे पीयूसी, धूर तपासल्याचा दाखला. मामाने वीस वर्षं लोकांचे टेम्पो हाकले आणि आता कुठे ही जुनी डिझेल पिकअप स्वतःच्या नावावर केली. बोरिवलीची एक नर्सरी त्याला रोपं नि कुंड्या पोचवायचं कायमचं काम द्यायला तयार होती. मालकीणबाईंची अट एकच: शनिवारी सहाच्या आत नवीन पीयूसी दाखवा, नाहीतर दुसरा गाडीवाला उभाच आहे. आज शनिवार होता. आणि गाडी चालू केली की मागचं काही दिसत नव्हतं.

मी सोबत होते कारण बोरिवली स्टेशनबाहेर संध्याकाळी पत्रकं वाटायची होती. आमचा हवेसाठी भांडणारा गट आहे आणि पत्रकं मी लिहिते. स्वच्छ हवेची पत्रकं, काळा धूर ओकणाऱ्या गाडीतून. हसा खुशाल. वॉचमनही हसला.

पहिला मुक्काम घाटकोपर. तिथे स्पेअर पार्टच्या दुकानांची एक रांग आहे, बाहेर टांगलेल्या फॅनबेल्टमधून वाट काढत आत जावं लागतं. मामाला कुणीतरी सांगितलं होतं की डिझेलमध्ये औषध टाकलं की धूर जातो. शेठने काउंटरवर तीन बाटल्या मांडल्या. एक इंजेक्टर साफ करणारी, एक धूर मारणारी, एक ताकद वाढवणारी. तिसरीवर चित्त्याचं चित्र आणि "जुनं इंजिन नव्यासारखं" अशी ओळ होती.

माझं डोकं फिरलं. हे कुठल्या आधारावर लिहिलंय, कुणी तपासलंय, असं मी शेठला सरळ विचारलं. त्याने माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"ताई, लिहायला काय जातं. तुम्ही पण लिहिताच ना."

मामा इतका हसला की फॅनबेल्ट हलले. तेवढ्यात मी बाटलीमागची बारीक अक्षरं वाचून काढली: एक बाटली, एक भरलेली टाकी, आणि ती टाकी संपेपर्यंत गाडी चालवा. म्हणजे दुपारपर्यंत चमत्कार होणार नव्हता. शेठनेही ते कबूल केलं, पण मामाने ऐकलं नाही. त्याने पहिली घेतली आणि दुसरीही घेतली. चित्त्याला मी हात लावू दिला नाही.

पंपावर मामाने शिस्तीत आधी औषध ओतलं, मग डिझेल भरलं, म्हणजे आपोआप ढवळलं जातं. इथवर बरोबर. पण दोन्ही बाटल्या एकाच टाकीत, तीही अर्धीच भरलेली. मी म्हटलं, मामा, तापाच्या दोन गोळ्या घेतल्या म्हणून ताप दुप्पट उतरत नाही.

"गो बाय, तू गप ऱ्हव. तुका कधी ताप तरी इलो हा काय?"

घाटकोपर ते अंधेरी लिंक रोडवर मामा आरशात बघत राहिला. साकीनाक्याला धूर थोडा कमी वाटला. मागच्या रिक्षावाल्याला तसं वाटलं नाही. त्याने शेजारी येऊन रुमाल नाकाला लावला आणि आम्हाला हात जोडले. सिग्नलजवळच्या हातगाडीवर वडापाव खाल्ले. चटणी झकास होती, धुराचा वास धरूनसुद्धा.

अंधेरीत एका पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीची व्हॅन होती. माणसाने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि मामाला ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं. काळा ढग उठला, व्हॅनवरचं कबुतर उडालं. नापास. मग तो माणूस मामाच्या कानाशी आला. वरचं काही दिलंत तर नळी शेजारच्या गाडीत घालतो, कागद तुमच्या नंबराचा निघेल.

मामाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या गटाने याच प्रकारावर दोन पत्रकं काढली आहेत, दोन्ही माझीच. मी मोठ्याने म्हणाले, "चालणार नाही." त्या माणसाने खांदे उडवले. मामाने चावी फिरवली.

 मरोळपर्यंत त्याने गाणी लावली नाहीत, कुणाला शिवी दिली नाही. दोन वाजून गेले होते. तत्त्व माझं होतं आणि काम त्याचं जाणार होतं, हे मला पत्रकात कधी लिहावं लागलं नव्हतं.

आरे कॉलनीत शिरलं की रस्त्याला सावली येते आणि गोठ्यांचा ओलसर वास. एका चढावर आमची गाडी धापा टाकू लागली आणि बंद पडली. मागून चाऱ्याचा टेम्पो आला. चालक उतरला: भोईर काका, डोक्याला टॉवेल, साठीच्या पुढचे. म्हशींचा चारा वाहण्यात उभा जन्म गेला म्हणाले. मामाने त्यांना बाटल्यांची कहाणी सांगितली. काकांनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरच्या डब्याकडे वाकून पाहिलं आणि सरळ झाले.

"बाटल्या पाजताय, आणि नाक दाबून धरलंय होय रे?"

फिल्टरला हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. दुहेरी घडी, सुतळीची पक्की गाठ. चाळीत पाणी गाळायला नळाच्या तोंडाला बांधतात, अगदी तसं. तीस वर्षं मामाने नळाला बांधलं, गाडी घेतल्यावर गाडीला बांधलं. धूळ आत जायला नको. काका म्हणाले, डिझेलला हवाच मिळाली नाही तर ते अर्धवट जळणार आणि काळंच बाहेर येणार, मग वरून अमृत ओता की औषध.

त्यांनी गाठ सोडून फडकं झटकलं. काजळीखाली लाल अक्षरं दिसली: "मोकळा श्वास, आमचा हक्क". आमच्या मोर्चाचा जुना बॅनर. गाडी पुसायला म्हणून मीच दिला होता.

"मामा, हे तोंडाला बांधायला कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्याच पत्रकात होता. धुळीत तोंडाक फडक्या बांधा." तो अगदी गंभीर होता. "मी म्हटलंय, गाडयेक पण तोंड असता."

भोईर काका रस्त्याच्या कडेला बसून हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. मग काकांनी फिल्टर काढून टायरवर आपटला, मूठभर धूळ पडली. बाटल्यांवर त्यांचा राग नव्हता. इंजेक्टर साफ करणारी चांगली असते, म्हणाले, कधीमधी भरल्या टाकीत एक, आणि सावकाश. पण आधी नाक मोकळं. गाडी पहिल्या चावीला चालू झाली. मागे जंगल दिसत होतं, हिरवं, पानन् पान.

बोरिवलीच्या पीयूसी केंद्रावर साडेचार वाजता नळी आत गेली. मामाने डोळे मिटून ॲक्सिलरेटर दाबला. कबुतरं जागच्या जागी राहिली. मशीनवरच्या मुलीने न बघताच कागद पुढे केला: "पास. नेक्स्ट." पाच वाजता नर्सरीच्या मालकीणबाईंनी तो उलटून पालटून वाचला आणि सोमवारी सात वाजता कुंड्या भरायला या म्हणाल्या. मामाने त्यांना दोनदा नमस्कार केला, आणि एक त्यांच्या जास्वंदीलाही.

स्टेशनबाहेर मी पत्रकं वाटली. "तोंडाला फडकं बांधा" या शब्दांआधी प्रत्येक प्रतीवर पेनाने "माणसाच्या" लिहीत बसले, म्हणून उशीर झाला.

परत मुलुंडला आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. धोरणाबद्दलचं माझं मत आजही तेच आहे आणि त्या अंधेरीच्या नळीवर तिसरं पत्रक येणारच आहे. पण दुसऱ्याच्या धुरावर बोलण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघायचं, एवढं मी आरेच्या चढावर शिकले.

मामाने बॉनेटवर दुसरा नारळ ठेवला. मामी बाहेर आली, वॉचमन आला.

"बा देवा म्हाराजा, कागद गावलो, काम गावला. आता हे गाडयेक माझ्या भाचयेच्या पत्रकांपासून सांभाळ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी म्हणाले. सगळ्यांच्या आधी.