सबनीस डॉक्टरांचं नाक

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉ. पद्माकर सबनीस दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत. तत्त्वबित्त्व काही नाही. लहानपणी मामाच्या लग्नात दारूचा अंश असलेलं खोकल्याचं औषध जरा जास्त झालं आणि ते वरातीत घोड्याच्या पुढे नाचले. त्याचा धसका त्यांनी अजून घेतलेला आहे. तरीही आज गावातल्या वाइन क्लबात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.

झालं असं. शेजारच्या डेक्लनने एकदा त्यांना आणि सुरुचीवहिनींना घरी बोलावलं. क्लबची मंडळी जमली होती. टेबलाच्या मधोमध एक फ्रेंच बाटली. गडद लाल, भारदस्त, जुन्या पद्धतीने केलेली, तीसुद्धा शंभरी गाठलेल्या वेलींच्या द्राक्षांची! डेक्लन ती तान्ह्या बाळासारखी धरून होता. सगळे ग्लास हुंगून "आहाहा" म्हणाले. डॉक्टरांच्याही हातात ग्लास आला. निदान हुंगावं, म्हणून त्यांनी नाक घातलं आणि चटकन मागे घेतलं.

"काय वाटतं, पद्माकर?"

"ओल्या पोत्याचा वास येतोय," डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी टेबलाखालून लाथ मारली. ती डेक्लनला लागली. डेक्लनने कळवळून ग्लास पुन्हा हुंगला. मग बाकीच्यांनी हुंगला. बूच खराब होऊन वाइन नासली होती, आणि मघाशी "आहाहा" म्हणणारे सगळे आता छताकडे बघत होते.

"युअर मॅन इज अ जीनियस!" म्हणजे हा गडी अफाट आहे, असं कोणीतरी ओरडलं.

पुढच्याच महिन्यात क्लबाने त्यांना परीक्षक केलं. "अहो, पीत नाही म्हणून सांगून टाका ना," वहिनी म्हणाल्या. सांगायचंच होतं, पण तिथे गेल्यावर डॉक्टरांना कळलं, की खरे जाणकार वाइन गिळतच नाहीत. तोंडात फिरवतात आणि बादलीत थुंकतात. डॉक्टर तर तोंडातही घेत नसत. हुंगायचे आणि ग्लास थेट बादलीत रिकामा करायचे. "चिंच," "गोडा मसाला," "नवी चप्पल," असं जे सुचेल ते म्हणायचे. मंडळी माना डोलवायची.

मग क्लबाची सहल फ्रान्सला गेली, त्याच जुन्या वेलींच्या मळ्यावर. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. डॉक्टरांनी ग्लास ओतायला बादली शोधली, तर बाईंनी ती पायाने बाजूला सारली. "माझ्या आजोबांनी लावलेल्या वेली आहेत. इथे थुंकायचं नाही."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि अख्खा ग्लास एका दमात घशात रिकामा केला. थोड्या वेळाने त्यांनी मालकीणबाईंचा हात धरला आणि पिंपांच्या रांगेतून वरात काढली. घोडा म्हणून डेक्लन. बाई हसून हसून खाली बसल्या.

सकाळी न्याहारीला डॉक्टरांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. "मी आयुष्यात वाइन प्यायलोच नव्हतो. मला त्यातलं काही कळत नाही."

डेक्लनने कंबर चोळत विचार केला. "मग तुझ्या वाट्याची वाइन उरते?"

"हो."

"ग्रँड!" डेक्लन म्हणाला. डॉक्टरांचं परीक्षकपद कायम राहिलं. बादली मात्र क्लबाने बंद केली. आता त्यांचा ग्लास आळीपाळीने सभासदांकडे जातो.