विमानाच्या कचेरीत पानमळेवाला

मुलाखतीचं पत्र माझ्याआधी बाबांच्या हातात पडलं. अर्जावर मी गावचा पत्ता दिला होता, आणि मी राहत होतो अकोल्याला, शेतकी महाविद्यालयात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पाकिटावरचा सरकारी शिक्का पाहून ते पत्र घेऊन शाळेच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांनी वाचून सांगितलं की परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी पोराला दिल्लीला बोलावलंय, बुधवारी सकाळी दहाला, आणि आज सोमवार आहे. बाबांनी पानमळ्यातलं पाणी शेजाऱ्याकडे सोपवलं, अंजनगावला अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसले, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरली आणि दिवेलागणीच्या आत माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"हे घे," म्हणाले, "अन् आता बसून नको राहू."

आगगाडीनं बुधवारी दहाच्या आत दिल्ली गाठणं शक्य नव्हतं. पत्रात विमानानं येण्याची परवानगी होती. आमच्या प्राचार्यांनी नागपूरच्या विमान कंपनीच्या कचेरीला ट्रंककॉल लावला, माझी जागा ठरवली आणि खात्री म्हणून तारेनं उत्तर मागवलं. तार आली: मंगळवारी अकरापर्यंत कचेरीत हजर राहावे, तिथून कंपनीची बस विमानतळावर नेईल. पहाटेची मेल साडेदहाला नागपूरला पोचायची. मध्ये जेमतेम अर्धा तास. प्राचार्य म्हणाले, "जमेल. पण रस्त्यात चहाला थांबू नका."

बाबा सोबत निघाले. मी म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता? ते म्हणाले, "इमान जवळून कसं दिसते थे पाहून येतो."

मेल त्या दिवशी वेळेवर होती. टांगा करून आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकराला चौदा मिनिटं कमी होती. गुळगुळीत फरशी, वर पंखा, काचेच्या पेटीत विमानाची छोटी प्रतिकृती. काउंटरमागे माझ्याच वयाचा टाय लावलेला कारकून होता. मी नाव सांगितलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, "बस गेली."

"पण तारेत अकरा लिहिलंय."

"बाकीचे सगळे पॅसेंजर आले होते. तुमच्या एकट्यासाठी थांबायचं का? तुमची जागा दुसऱ्याला दिली. परवाच्या विमानाला या."

मी सांगितलं की मुलाखत उद्याच आहे. तो म्हणाला, "मग आदल्या दिवशी यायचं." आणि तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंच्या तिकिटाकडे वळला.

इथे मी काय केलं ते सांगायला हवं. मी म्हटलं, "सॉरी." चूक त्यांची, आणि माफी मी मागितली. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. टाय, फरशी आणि इंग्रजी पाट्या यांच्यापुढे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं मला आपोआप वाटायचं. मी ट्रंक उचलायला वाकलो.

बाबांनी ट्रंकेवर हात ठेवला. ती काउंटरच्या बरोबर समोर सरकवली आणि तिच्यावर बसले. डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती बैठक मी ओळखत होतो.

आमची विड्याची पानं करंड्यांत भरून छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला यायची आणि तिथून मेलनं मुंबईकडे जायची. दोन गाड्यांमध्ये वेळ थोडा. पार्सलबाबूचा मूड नसला की तो म्हणायचा, डब्यात जागा नाही, उद्या पाहू. उद्यापर्यंत पानं काळी पडायची आणि नुकसान मळेवाल्याच्या माथी. त्यावर आमच्याकडच्या मळेवाल्यांनी एक रीत धरली होती. भांडायचं नाही, हात जोडायचे नाहीत. खिडकीसमोर करंडीवर बसायचं आणि पावतीच्या मागे शेरा मागायचा: माल वेळेवर आला होता, आम्ही चढवला नाही. तोंडानं नाही म्हणायला बाबूला काही वाटत नसे. स्वतःच्या अक्षरात लिहायचं म्हटलं की दहातल्या सात वेळा डब्यात जागा निघायची.

बाबांनी तार माझ्याकडून घेतली, पालथी केली आणि काउंटरवर ठेवली.

"बाबूजी, नाराजी नाई. यावर फक्त लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"पोरगा पावनेअकराले आला. बस त्याच्या आंदी गेली. खाली सही."

"अशी पद्धत नाही आमच्याकडे."

"मंग कोनती हाय थे सांगा. मी बसलो हाय."

"आजोबा, हा बाजार नाही."

"म्हनूनच तं लिहून मांगून राहिलो. बाजारात तोंडी चालते."

तिकीट काढायला आलेल्या त्या बाईंना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. कारकुनाचे कान लाल झाले.

"तुम्ही उठा बरं. लोकांना अडचण होते."

बाबांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. "कोनाले?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं.

मी हळूच म्हटलं, "बाबा, चला, जाऊ द्या." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू कावून घाबरून राहिला? तुले काई मांगायचं नाई. मी मांगतो."

आतल्या खोलीतून एक अधिकारी बाहेर आले. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. अधिकाऱ्यांनी तार वाचली, घड्याळ पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं आणि फोन उचलला. दोन मिनिटांत कळलं की दक्षिणेकडून येऊन दिल्लीला जाणारं विमान अजून उतरायचंच आहे. आणि माझी जागा कोणालाही दिलेली नव्हती. कारकुनानं विमानतळावर विचारलंच नव्हतं.

कंपनीची जीप टपालाच्या थैल्या घेऊन निघायची होती. ड्रायव्हरजवळ एका माणसापुरती जागा होती. ट्रंक मावणार नाही, म्हणाले. बाबाही मावणार नव्हते. मी प्रमाणपत्रांची कापडी पिशवी छातीशी धरून चढलो. वळून पाहिलं तर बाबा टोपी घालत होते. त्यांनी हात हलवला नाही. जा, जा, अशी मान हलवली. ज्यासाठी ते एवढ्या लांब आले होते ते विमान त्यांना दिसलं नाही.

बुधवारी दहा वाजता मी मुलाखतीला बसलो तो प्रवासातल्याच सदऱ्यात. इस्त्रीचा कोट ट्रंकेत राहिला होता. अध्यक्षांनी माझ्या चुरगळलेल्या बाह्यांकडे पाहून विचारलं, थेट गाडीतून उतरून आलात का? मी ट्रंक मागे राहिल्याचं सांगितलं. तोंडून निघून गेलं की आमची पानंही अशीच मूर्तिजापूरला मागे राहतात. त्यांनी विचारलं, कसली पानं? मग वीस मिनिटं मी करंड्या, छोटी गाडी, किती तासांनी पान काळं पडतं, मळेवाले ती उलटीपालटी करून सडकी कशी वेचतात, हेच सांगत होतो. पाठ केलेलं काहीच विचारलं गेलं नाही. महिन्याभरानं निवडीचं पत्र आलं, या वेळी अकोल्याच्या पत्त्यावर. नाशवंत मालाच्या साठवणीचा अभ्यास करायला मी दोन वर्षं परदेशी गेलो आणि पुढे तेच माझं काम झालं.

त्या कचेरीतला प्रसंग मात्र मी अकोल्यात कोणाला सांगितला नव्हता. विचारलं की म्हणायचो, कंपनीनं जीपची सोय केली. आपला बाप काउंटरपुढे ट्रंकेवर बसला, हे सांगायला मला लाज वाटत होती. ती लाज आज लिहितानाही बोचते.

परदेशी निघण्यापूर्वी महाविद्यालयानं माझा सत्कार केला. बाबा पहिल्या रांगेत होते, धुतलेल्या धोतरात, प्राचार्यांच्या शेजारी. आभाराचं भाषण मी इंग्रजीत लिहून आणलं होतं. उभा राहिलो, कागद घडी करून खिशात ठेवला आणि मराठीत सगळं सांगितलं. बस, कारकून, माझं 'सॉरी', तारेची पालथी बाजू. म्हणालो, मला दिल्लीला विमानानं नाही, माझ्या बाबांनी पोचवलं. सभागृहात मागच्या बाकांपर्यंत टाळ्या वाजल्या. प्राचार्यांनी उठून बाबांचा हात हातात घेतला.

बाहेर आल्यावर मी बाबांच्या बोलण्याची वाट पाहत चालत होतो. फाटकाशी ते थांबले.

"चांगलं बोलला," मग म्हणाले. "पन त्या बाबूले एवढ्या लोकायत कावून वढलं? तुह्याच वयाचं पोरगं होतं थे. त्याची बी नवीन नोकरी असंन."

 त्यांच्या खांद्यावरचं झोळणं घ्यायला मी हात पुढे केला. त्यांनी ते दिलं नाही, आणि आम्ही स्टेशनाच्या रस्त्याला लागलो.