माझ्या साडूंची लापशी

माझ्या साडूंइतका अस्सल स्कॉटिश शेतकरी खुद्द स्कॉटलंडमध्येही झाला नसेल. वास्तविक पुण्यात असताना गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचंही त्यांना आठवत नसे, आणि पुढची सारी नोकरी इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात कम्प्युटरपुढे गेली. दोन हजार साल उजाडलं, जग पुढे निघालं आणि साडू सव्वाशे वर्षं मागे गेले. मेव्हणी वारली, तेव्हा घराला कुलूप लावून ते स्कॉटलंडच्या एका खेड्यात राहायला गेले. तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एका शेतकऱ्याचं घर म्युझियम म्हणून जपलं होतं. त्यात ते हौशी 'घरधनी' झाले. जाडाभरडा कोट, चिखलाचे बूट, ओठांत पाइप, तोही रिकामा. रविवार देवाचा, म्हणून त्या घरात रविवारी शीळ घालायलासुद्धा बंदी होती. हा नियम ते मला फोनवरही लावत. "अहो साडूभाऊ, मागे रेडिओ वाजतोय. आज वार कोणता?"

सोमवारी ओटमीलची लापशी शिजवून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ओतायची आणि थिजली की आठवडाभर वड्या पाडून खायच्या, ही तिथली जुनी रीत. मी गेलो तेव्हा पुढ्यात गुरुवारची वडी आली.

"ड्रॉवरमध्ये मोजे ठेवतात हो," मी म्हणालो.

"तुम्ही ठेवत असाल."

ती वडी मी रुमालात लपवून कोंबड्यांना घातली. कोंबड्यांनीही आधी थोडा विचार केला.

मँचेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात हे सगळं मी साभिनय सांगे. लोक हसून लोळत. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. संध्याकाळी गडी आणि मोलकरणी झालेले सगळे स्वयंसेवक त्या लांब टेबलाशी जेवायला बसत आणि साडू प्रत्येकाला आग्रह करकरून वाढत. मला म्हणाले होते, "खोटं आहे, कळतं हो मला. पण पानं मांडलेली दिसतात."

नव्या वर्षात त्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडणारा माणूस काळ्या केसांचा हवा आणि त्याच्या हातात कोळसा हवा. मग घराचं वर्षभर भलं होतं म्हणे. साडूंनी मला बोलावलं. "तुमचे केस अजून काळेभोर आहेत. सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा माणूस येतोय." मी हो म्हणालो. पण "काळा माणूस पाहिजे म्हणून आमंत्रण आलंय" यावर मंडळात असा हशा पिकवला, की मग मलाच जायची लाज वाटू लागली. एक जानेवारीच्या सकाळी मी फोन करून ट्रेन कॅन्सल झाल्याचं सांगितलं.

"दुसरी असेल. मी थांबतो," साडू म्हणाले.

मी गेलो नाही. पुढचं, तेव्हा तिथे असलेल्या त्यांच्या मुलाने आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत सांगितलं. "काका, बाबाने कोणालाच आत येऊ दिला नाही. सगळे कोल्डमध्ये उभा होते. मग ते सगळे हसत हसत बॅक डोअरने आत गेले."

महिन्याभरात साडू बेसिंगस्टोकला परतले. त्यांचं वेड आपोआप उतरलं, असं नातेवाईक म्हणतात आणि इतकी वर्षं मीही मान डोलावली. ते खरं नाही. त्यांना त्या घरातून मी उठवलं.

यंदा एक जानेवारीला मी कोळशाचा तुकडा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. ते माझ्या डोक्याकडे बघत राहिले.

"पांढरे झाले की. चालत नाहीत."

"साडूभाऊ, त्या दिवशी ट्रेन होती."

"माहीत आहे. मी स्टेशनवर चौकशी केली होती." त्यांनी हात पुढे केला. "आणा तो कोळसा. या आत."

घरात शेगडी नव्हती. कोळसा त्यांनी हीटरवर ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन ड्रॉवर उघडला आणि सुरी घेतली.

वडी गार होती, घशाला चिकटत होती. मी आणखी एक मागितली.